जाळीतली सोलर प्लेट

मी एक जुनी सोलर प्लेट आहे आणि जन्मापासून काचेखाली आहे. मित्रांनो, हे मी रडगाणं म्हणून सांगत नाही. माझी जातच तशी. कारखान्यात निळ्या-काळ्या पातळ चकत्या एकमेकींना जोडतात, वर जाड काच बसवतात, पाठ चिकटवून टाकतात, चारी कडांना ॲल्युमिनियमची चौकट ठोकतात आणि मग आम्हाला कायमचं बंद करतात. पाऊस आम्हाला भिजवत नाही, वारा लागत नाही. बाहेरचं एकच आत येतं, ते म्हणजे ऊन. ते आलं की अंगातून वीज निघते. तारेतून ती खाली बॅटरीत जाऊन साठते आणि अंधार पडला की दिवे लागतात. एवढंच माझं काम.

दोन हजार दोन सालच्या उन्हाळ्यात मी चामोर्शीला आले. हरिदास नावाच्या माणसाचं तिथे पंखे, बल्ब आणि वायरींचं दुकान होतं. खोक्यातून काढून त्याने मला दाराशी उभं केलं. बाजाराच्या दिवशी लोक थांबत, काचेवर टिचकी मारत, किंमत विचारत आणि हसून पुढे जात.

अशाच एका बाजाराला मनसाराम आणि कुंता आले. ते ढिवर, म्हणजे तलावात मासे धरून जगणारे. त्यांचा टोला, म्हणजे छोटी वस्ती, जंगलाच्या आत, एका जुन्या तलावाच्या पाळीखाली होता. विजेचे खांब अलीकडच्या नाल्यापर्यंत येऊन थांबले होते आणि नाला काही ओलांडत नव्हते. त्या वर्षी तलावात मासळी चांगली निघाली होती. मच्छीमार संस्थेकडून मनसारामला वाटा मिळाला होता आणि ते पैसे कमरेला बांधूनच तो दुकानात शिरला. कुंताच्या डोक्यावर झिंग्यांची रिकामी टोपली होती. तिच्या मनात त्या पैशांतून घराचे कवेलू, छपराची कौलं, फेरायची होती, कारण पावसाळ्यात ओसरी गळायची.

मनसारामने मात्र माझ्यासमोर उकिडवं बसून हिशोब मांडायला घेतला. रेशनचं घासलेट पुरत नाही, वरचं दुप्पट भावाने घ्यावं लागतं. टॉर्चचे सेल, रेडिओचे सेल वेगळे. अर्धी रक्कम सरकारी योजनेतून सुटते. उरलेली आज भरली की पुढे ऊन फुकट.

हरिदास खोटं बोलला नाही. त्याने सांगितलं की प्लेट वीस वर्षं टिकेल, पण बॅटरी तीन-चार वर्षांत बसते आणि नवी घ्यावी लागते. पावसाळ्यात दिवा कमी जळतो. काचेवर सावली पडू द्यायची नाही. मनसारामने वीस वर्षं तेवढी ऐकली. बाकीचं कुंताने ऐकलं. ती म्हणाली की कवेलू फेरायचे राहतात. तो म्हणाला, पुढच्या साली फेरू. आणि बैलबंडीत तणसावर निजवून मला टोल्यावर नेण्यात आलं.

छपरावर लोखंडी पायांवर मला दक्षिणेकडे तोंड करून बसवलं. बसवणाऱ्याच्या पायाने दोन कवेलू सरकले आणि एक फट पडली. त्या फटीतून खालची ओसरी मला सबंध दिसायची. पुढे जे सांगणार आहे ते मी तिथून पाहिलं किंवा छपरावरून ऐकलं.

पहिल्या संध्याकाळी अख्खा टोला अंगणात जमला. मनसारामने बटण दाबलं आणि ओसरीत पांढरा उजेड पडला. म्हाताऱ्या बायांनी दिव्याला हात जोडले. कुंता आधी हसली, मग तिची नजर भिंतीवर गेली. घासलेटच्या चिमणीच्या धुराने भिंत किती काळी झाली होती ते तिला आजवर दिसलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी तिने पांढऱ्या मातीने ती पोतून काढली. त्यांची मुलगी साधना तेव्हा चौथीत होती आणि हिवाळाभर खोकायची. त्या हिवाळ्यात ती खोकली नाही. तांदळातले खडे रात्रीही निवडता येऊ लागले. मी काचेखाली कोंडलेली असले तरी त्या दिवसांत मला तसं कधी वाटलं नाही.

मग तलावाच्या पाळीवर झिंगू मनसारामला छेडू लागला. झिंगू मनसारामचाच जोडीदार. दोघं एका डोंग्यात बसून मासे धरत. प्लेट घेताना मनसारामने साऱ्या टोल्यासमोर सांगितलं होतं की हा फायद्याचा सौदा आहे. झिंगूने तेवढं धरून ठेवलं. डोंग्यात चढताना तो रोज विचारायचा, "मनसाराम, किती वसूल झाले?" लोक हसायचे. त्यात वाईट काही नव्हतं, पण मनसाराम घरी यायचा तो कपाळाला आठ्या घालूनच. ओसरीत बसून तो वाचलेल्या घासलेटाच्या बाटल्या मोजायचा. कितीही मोजल्या तरी गेलेल्या पैशाला पुरत नव्हत्या. आपल्याच शब्दात माणूस कसा अडकतो ते मी त्याच्याकडे पाहून शिकले.

कुंताच्या माहेरी वैनगंगेच्या काठी जाळी विणायची रीत होती. तिच्या बापाने तिला शिकवलं होतं. तिच्या जाळ्याचं एक घर लहान, एक मोठं असं कधी होत नसे. पावसाआधी घरच्यापुरतं एखादं जाळं ती विणायची. त्या वर्षी दिवा होता म्हणून तिने हौसेने एक जास्तीचं विणलं आणि ते बाजारात हातोहात गेलं. मनसारामच्या डोळ्यांत जे चमकलं ते मला फटीतून दिसलं. पुढच्या बाजाराहून तो नायलॉनच्या दोऱ्याच्या गुंड्या घेऊन आला.

आधी आठवड्यातून दोन संध्याकाळी ती विणायची. मग रोज. दिवसभर टोपली डोक्यावर घेऊन गावोगाव मासे विकायचे, घरी येऊन स्वयंपाक, भांडी, आणि त्यानंतर ओसरीत खांबाला दोरा बांधून बसायचं. पूर्वी चिमणीतलं तेल संपत आलं की ती म्हणायची, आता निजा, तेल संपलं. कोणी काही बोलत नसे, कारण तेल खरंच संपलेलं असे. आता ती तसं म्हणू शकत नव्हती. दिवा जळतच राहायचा. एकदा तिने बांबूची सुई खाली ठेवून भिंतीला डोकं टेकलं, तेव्हा मनसाराम आतून म्हणाला, "दिवा जळून राह्यला ना. मंग हात काऊन थांबला?"

तो ओरडून बोलला नाही. सहज बोलला. तिने सुई उचलली.

मित्रांनो, तो दिवा मीच दिवसभर राबून भरलेला होता. जितकं चांगलं मी काम करावं, तितका वेळ ती खांबाला बांधल्यासारखी बसायची. ढगाळ दिवस आला की मला बरं वाटू लागलं. प्लेटला ढग आवडावेत, हे काही चांगलं लक्षण नाही.

दुसऱ्या वर्षी पलीकडच्या गावच्या शाळेवरची प्लेट चोरीला गेली. ती बातमी आली त्या दिवशी मनसाराम जेवला नाही. दुसऱ्याच दिवशी तो चामोर्शीला गेला आणि लोखंडी जाळीचा एक पिंजरा बनवून घेऊन आला. दाट विणीचा, चारी बाजूंनी बंद, खाली एक झडप आणि झडपेला कुलूप. तो त्याने माझ्यावर बसवला आणि छपराखालच्या वाशाला जाड बोल्टांनी आवळून टाकला. किल्ली त्याच्या कमरेच्या करगोट्याला.

जाळीची सावली दिवसभर माझ्या अंगावर चौकटी-चौकटींनी पडू लागली. चकत्या एकमेकींना धरून काम करतात. एकीवर सावली पडली की साऱ्याच मंदावतात. जाळीत ऐनाच्या झाडाची पानं अडकली. वानरं वर येऊन बसू लागली आणि त्यांची घाण काचेवर वाळून बसली. पूर्वी साधना आठ दिवसांनी ओल्या फडक्याने माझी काच पुसायची. आता तिचा हात आत जात नव्हता आणि किल्ली मागायची तर बाप म्हणायचा, राहू दे, उघडं पाहिलं तर कोणाच्या नजरेत भरेल.

चोरापासून मी वाचले खरी. पण माझ्यातून जे मिळवायचं होतं तेच आटलं. दिवे पिवळट पडू लागले, लवकर मान टाकू लागले. मनसारामला वाटलं प्लेटच आळशी निघाली. त्याने ओसरीतल्या दोन दिव्यांपैकी एक काढून टाकला, म्हणजे उरलेला जास्त वेळ जळेल. कुंता त्या एका दिव्याखाली सरकून बसली. दोरा दिसेना म्हणून मान आणखी खाली गेली. सकाळी तिचे डोळे लाल असायचे आणि त्यातून पाणी गळायचं. पावसाळ्यात त्या सरकलेल्या कवेलूंच्या फटीतून थेंब तिच्या खांद्यावर पडायचे. तिथून हलावं तर उजेड सुटायचा.

अशी दोन वर्षं गेली. जाळी विकली जात होती. डोंग्यात झिंगूच्या प्रश्नाला मनसारामपाशी आता उत्तर होतं आणि झिंगूने विचारणंही सोडलं होतं. कुंता कधी काही बोलली नाही. तिच्या माहेरी कोणाचं तरी लग्न निघालं, तेव्हा दोन जाळ्यांची मागणी आहे म्हणून ती गेली नाही. टोल्यातल्या बाया संध्याकाळी पाळीवर बसायच्या, त्यांचं हसणं छपरापर्यंत यायचं. कुंता मान वर करून ऐकायची आणि पुन्हा गाठ मारायची.

साधना सातवीत गेली त्या साली दिवाळीनंतर मनसारामने एक दिवस तिच्याही हातात सुई दिली. म्हणाला, माय-लेकी दोघी बसल्या तर एका दिव्यात दुप्पट काम होईल, दिवा काही जास्त जळणार नाही. हिशोब बरोबर होता. साधना शिकायला हुशार होती, चार दिवसांत गाठ जमली. पण नायलॉनच्या दोऱ्याने तिच्या तर्जनीला चीर पडली. ती बोट तोंडात घालून बसली तेव्हा कुंताने तिच्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मला वाटलं आता ती बोलेल. ती उठली, हळद आणली, बोटाला लावली आणि पुन्हा आपल्या जागी बसली.

त्याच आठवड्यात मुखरू आणि गुणाबाई पाहुणे आले. मुखरू मनसारामचा मावसभाऊ. धानाची शेती करायचा. त्याच्या गावीही वीज नव्हती आणि धान विकून प्लेट घ्यावी असं त्याच्या मनात आलं होतं. घेण्याआधी तीन-चार वर्षं वापरणाऱ्याला विचारावं म्हणून तो बायकोला घेऊन आला होता. मरळीचं कालवण झालं, जेवणं झाली. मग मनसाराम भिंतीला टेकून बसला आणि त्याने सारा हिशोब सांगितला. घासलेट इतकं वाचलं, सेल इतके वाचले, आणि जाळ्यांचे आले ते वेगळे. सांगताना त्याचा आवाज चढत गेला. शेवटी तो म्हणाला, "जाळे धरले तं प्लेट फुकटात पडली समज, मुखरू."

मुखरूला पटत होतं. गुणाबाई मात्र हिशोब ऐकत नव्हती. ती दिव्याखाली बसलेल्या दोघींकडे पाहत होती. ती म्हणाली, "कुंता, तू सांग वं. घ्याव का नाई?"

मनसाराम हसला. त्याला वाटलं बायको हो म्हणणार.

कुंताने हातातली गाठ पुरी केली. मग सुई मांडीवर ठेवली आणि मान वर न करता बोलली. "घासलेट वाचते, ते खरं हाय. भिंत काळी होत नाई, पोरीचा खोकला गेला. हे प्लेटीनं देल्लं, मी नाई म्हनत नाई. पन जाळे प्लेटीनं नाई विणले. ते मी विणले. चिमणी होती तवा तेल सरे अन् मी निजत होती. आता तेल सरत नाई. माही झोप तुमी बचतीत धरली, साधनाचे बाबा. ते तं खर्चात धराले पायजे होती."

मला वाटतं, इतक्या वर्षांत मनसारामने सगळं मोजलं होतं, पण ही एक गोष्ट मोजायची असते हे त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं. तो वाईट माणूस नव्हता. मासे धरून थकून आल्यावर तो निजायचा आणि त्याला वाटायचं, घरात दिवा जळतो आहे म्हणजे भलं चाललं आहे.

मुखरूने दबक्या आवाजात विचारलं, "मंग घेऊ का नोको, बाई?"

"घ्या ना, भाऊ," कुंता म्हणाली. "पन बटन कोनाच्या हाती राहीन ते पहिले ठरवा. मंग घ्या."

ती उठली. साधनाच्या हातातली सुई काढून तिने खुंटीला अडकवली, अर्धं जाळं गुंडाळलं, पोरीला निजायला धाडलं. मग भिंतीपाशी गेली आणि तिने बटण दाबलं. प्लेट आल्यापासून पहिल्यांदा बॅटरीत वीज शिल्लक असताना त्या घरात अंधार झाला. अंधारात गुणाबाईच्या बांगड्या वाजल्या. तिने कुंताचा हात धरला असावा.

मनसारामने दिवा पुन्हा लावला नाही. दोन दिवस तो बायकोशी बोललाही नाही. तिसऱ्या दिवशी मुखरू-गुणाबाई परत गेले, आणि दुपारी तो शिडी लावून छपरावर आला. माझ्यासमोर बसून त्याने पिंजऱ्यावरची पानं वेचली. काचेवरची घाण त्याने वाकून पाहिली. मग करगोट्याची किल्ली काढून कुलपात घातली. कुलूप गंजून एकजीव झालं होतं. त्याने तेल सोडलं, दगडाने ठोकलं, किल्ली आतच तुटली. पिंजरा वाशाला असा आवळलेला होता की तो काढायचा तर अर्धं छप्पर उतरवावं लागलं असतं. शेवटी त्याने करवतीच्या पात्याने जाळीला एक भोक पाडलं, हात जाईल एवढं. त्यातून ओलं फडकं घालून त्याने माझी काच पुसली. हात बाहेर काढताना मनगटाला ओरखडा उठला.

पिंजरा माझ्यावर तसाच राहिला, मित्रांनो. तो आजही आहे.

त्या उन्हाळ्यात बॅटरी बसली. नवी घ्यायची की नाही यावर पुन्हा हिशोब निघाला. या वेळी मनसारामने कुंताला समोर बसवलं. तिने आपली संध्याकाळची मजुरी धानाच्या निंदणीच्या दराने लावली आणि ती खर्चात टाकली. घासलेट, सेल, बॅटरी, तिचे डोळे दाखवायला चंद्रपूरला जावं लागलं तो खर्च, सगळं धरलं. मनसारामने बेरीज दोनदा करून पाहिली. मग म्हणाला, "तोटा हाय."

"हाय," कुंता म्हणाली. "पन किती हाय ते आता मालूम तं झालं."

तोटा आहे हे कळूनही त्यांनी बॅटरी घेतली. काळी भिंत आणि साधनाचा खोकला त्यांना परत नको होता. एक दिवा चुलीपाशी लागला, एक ओसरीत. जेवणं झाली की कुंता बटण दाबायची. घरच्यापुरतं जाळं ती पावसाआधी अजूनही विणायची, पण दिवसा, अंगणात. ज्या वर्षी विकायची जाळी थांबली त्या वर्षी खर्चाला हात थोडा आखडला. झिंगूने पुन्हा एकदा विचारून पाहिलं, किती वसूल झाले म्हणून. मनसारामने त्याला सांगितलं की वसूल काही होत नाही, आणि डोंगा पाण्यात ढकलला. कुंताची नजर मात्र पहिल्यासारखी झाली नाही. तांदूळ निवडताना ती आता साधनाला हाक मारते.

दोन हजार नऊ साली खांबांनी नाला ओलांडला. घराघरांत मीटर लागले. माझी तार कापून गुंडाळून ठेवली. बॅटरी भंगारात गेली. मलाही विकायचं मनसारामच्या मनात होतं, पण पिंजरा निघेना. कुंता म्हणाली, राहू द्या, ती कोणाचं काय खाते? आणि मी राहिले.

आज माझा एक कोपरा पिवळा पडला आहे. कापलेल्या तारेची दोन टोकं पाठीमागे लोंबतात. ऊन आलं की अजूनही माझ्या अंगात वीज उठते, त्या टोकांपर्यंत जाते आणि तिथेच थांबते. तिला जायला जागा नाही.

मित्रांनो, तुमच्या छपरावर माझी एखादी बहीण असेल तर तिच्यावर सावली पडू देऊ नका, तिची काच पुसत जा. घेताना खर्च आणि बचत जरूर मांडा, पण मांडताना घरातली सगळी माणसं समोर बसवा. मला बटण नाही. ऊन पडलं की कोणाला हवं असो वा नसो, मला कामाला लागावंच लागतं. तुमच्या घरात असं दुसरं कोणी होऊ देऊ नका.